फलश्रुतीपाशी अडणारा आवाज

प्रश्न

(एका वाचकांच्या दीर्घ पत्राचा हा सारांश आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

माझे वय ५४ आहे. तीन वर्षांपूर्वी पत्नीला मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे स्नायूंना चालवणाऱ्या मज्जापेशी निकामी होत जाण्याचा आजार, असल्याचे निदान झाले. आधी हात गेले, मग पाय, आणि गेल्या वर्षी वाचाही गेली. आता ती अक्षरफलकावर नजर फिरवून एकेक शब्द जुळवते. तिने आयुष्यात कुणाचे वाईट केले नाही, आणि एकही दिवस स्तोत्रपाठ चुकवला नाही. वाचा गेल्यापासून तिच्या उशाशी बसून तो पाठ मी करतो. ती डोळे मिटून ऐकते आणि तिचा चेहरा शांत होतो, पण माझा विश्वास मात्र पूर्ण उडाला आहे. फलश्रुतीत, म्हणजे पाठाचे फळ सांगणाऱ्या शेवटच्या भागात, रोग नाहीसे होतील अशा अर्थाची ओळ आहे, तिथे माझा आवाज अडतो. नातेवाईक म्हणतात, हे पूर्वजन्मीचे भोग आहेत. सतरा वर्षांची मुलगी म्हणते, देव नाहीच, आणि असलाच तर असला देव मला नको. मध्यंतरी एका रात्री पत्नीची घुसमट पाहवेना म्हणून मी हात जोडून ‘हिला आता सोडव’ असे म्हणालो, आणि तेव्हापासून स्वतःची शरम वाटते. ज्यावर विश्वास नाही ते रोज मोठ्याने वाचणारा मी ढोंगी आहे का? आणि श्रद्धा टिकवायची तर कशी?

उत्तर

तुमचे पत्र दुसऱ्यांदा वाचताना एका विसंगतीपाशी मी थांबले. विश्वास पूर्ण उडाला असे तुम्ही लिहिता, आणि थोड्याच ओळींनंतर त्या रात्री हात जोडल्याचे लिहिता. ज्याच्यावरचा विश्वास उडाला, त्याच्याकडेच तुम्ही मागणे मागितलेत. यावरून ‘पाहा, तुम्ही अजून आस्तिकच आहात’ असे म्हणून तुमची समजूत घालण्याचा माझा विचार नाही, कारण बुडणारा माणूस हाक मारतो तेव्हा काठावर कुणी आहे याची त्याला खात्री असतेच असे नाही. पण श्रद्धा आहे किंवा गेली, या दोनच कप्प्यांत तुमची आजची अवस्था बसत नाही एवढे यातून नक्की दिसते, आणि तिला त्यांतल्या एकात बळेच बसवण्याच्या धडपडीत तुमची बरीच शक्ती खर्च होत असावी.

त्या प्रार्थनेविषयी आधी लिहिते, कारण तुमच्या पत्रात सर्वांत जड ओझे तिचेच दिसते. दीर्घ आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या कितीतरी जणांच्या मनात हा विचार येऊन जातो, आणि कुणीच तो बोलून दाखवत नसल्यामुळे प्रत्येकाला वाटते की इतका हीन विचार आपल्याच मनात आला. ‘हिला सोडव’ या दोन शब्दांत तिच्या मरणाची इच्छा फार थोडी आहे. तिच्या यातना आपल्याच्याने पाहवत नाहीत याची कबुली त्यांत अधिक आहे, आणि ती प्रेमातूनच येते. मात्र त्या रात्रीची घुसमट ही केवळ देवापुढे मांडून थांबण्याची गोष्ट नाही, ती डॉक्टरांपुढेही मांडायला हवी. या आजारात श्वासाचे स्नायू हळूहळू दुर्बळ होतात, आणि मास्क लावून श्वासाला आधार देणाऱ्या यंत्राने व औषधांनी ती तडफड बऱ्याच अंशी कमी करता येते. उपशामक उपचार, म्हणजे त्रास हलका करणारे उपचार, केवळ अखेरच्या दिवसांसाठी असतात हा समज चुकीचा आहे. ते आजच सुरू करण्याविषयी विचारा. पुढे श्वास फारच कमी पडला तर कोणते उपाय करावेत आणि कोणते करू नयेत, याविषयी तिचे म्हणणे ती सांगू शकते आहे तोवर डॉक्टरांच्या समक्ष जाणून घ्या. तो निर्णय एखाद्या मध्यरात्री तुमच्या एकट्यावर येऊन पडू नये. आणि तुमची झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, स्वतःच जगू नये असे वाटू लागले असेल, तर तेही त्याच डॉक्टरांना सांगा. श्रद्धेचा प्रश्न म्हणून आपण ज्याच्याशी झुंजत राहतो, त्यातला काही भाग महिनोन्‌महिने न झालेल्या झोपेचा असतो.

आता ‘तिलाच का’ या प्रश्नाकडे येते. वैद्यकाचे उत्तर तोकडे आहे, पण त्याचा एक उपयोग आहे. या आजाराच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्णांच्या घराण्यात तो आधी कुणालाही झालेला नसतो, आणि अमुक एका माणसाला तो का झाला हे बहुतेक वेळा कुणीही सांगू शकत नाही. तिच्या आहारात, वागण्यात, तुमच्याकडून झालेल्या कुठल्या दुर्लक्षात तुम्ही कारण शोधत असाल, तर तो शोध थांबवायला हरकत नाही. धर्माच्या बाजूने मात्र हा प्रश्न तुम्हाला वाटतो तसा पाखंडी नाही. ब्रह्मसूत्रे या वेदान्ताच्या मूळ ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात ईश्वरावरचे दोन आक्षेप नाव घेऊन मांडले आहेत: वैषम्य, म्हणजे तो पक्षपाती आहे, आणि नैर्घृण्य, म्हणजे तो निर्दय आहे. सूत्रकारांनी आणि त्यांच्यावर भाष्य करणाऱ्या शंकराचार्यांनी या आक्षेपांना उत्तर दिले की ईश्वर प्राण्यांच्या कर्मांनुसार फळ देतो, म्हणून दोष त्याच्याकडे येत नाही. ते उत्तर तुम्हाला पटो वा न पटो, तुमच्या मनात आलेली शंका विचारण्याजोगी आहे हे त्यांनी मान्य केले होते, आणि ती विचारणाऱ्याला गप्प बसवले नव्हते.

पण ग्रंथातले उत्तर आणि आजाऱ्याच्या खोलीत उच्चारलेले तेच वाक्य, यांत मला मोठे अंतर दिसते. ईश्वराला निर्दयपणाच्या आरोपातून सोडवण्यासाठी केलेला तो युक्तिवाद होता. अंथरुणाला खिळलेल्या एका बाईवर आरोपपत्र ठेवण्यासाठी तो रचलेला नव्हता. एखाद्याने स्वतःच्या दुःखाला अर्थ देण्यासाठी कर्माचा सिद्धान्त स्वतःपुरता स्वीकारला आणि त्याला त्यातून बळ मिळाले, तर त्याच्याशी वाद घालू नये. दुसऱ्याच्या उशाशी उभे राहून तो सुनावणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भीषण भूकंप झाला, तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ही दैवी शिक्षा आहे असे गांधीजी म्हणाले. अस्पृश्यतेच्या विरोधात त्यांच्याच बाजूने उभे असलेले रवींद्रनाथ ठाकूर यांनी याला जाहीर हरकत घेतली. भौतिक आपत्तीची कारणे भौतिकच असतात, तिचा संबंध नीतीशी जोडणे योग्य नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी आपले मत सोडले नाही, पण ठाकुरांचा आक्षेप आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात छापला. दोघेही ईश्वर मानणारे होते. दुःख ही शिक्षाच आहे असे न मानताही श्रद्धावान राहता येते, याला हा एवढा दाखला मला पुरेसा वाटतो.

बायबलमधल्या ईयोबाचे मित्र तुमच्या नातेवाइकांसारखेच होते. सर्वस्व गमावून, अंगभर फोड येऊन बसलेल्या ईयोबाजवळ ते सात दिवस आणि सात रात्री एक शब्दही न बोलता बसले, आणि तोवर त्यांचे काहीच चुकले नाही. मग त्यांनी तोंड उघडले आणि तुझ्याच हातून काहीतरी पाप घडले असणार हे त्याला नाना परींनी पटवू लागले. त्या कथेच्या शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. माझ्याविषयी खरे बोलला तो ईयोब, तुम्ही नव्हे, असे तो त्यांना सांगतो. अख्ख्या कथेत देवाला जाब विचारणारा एकटा ईयोब होता, आणि देवाची बाजू घेऊन बोलणारे हे मित्र होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या निवाड्याचा अर्थ कळतो.

पुढच्या वेळी कुणी ‘भोग’ म्हणाले, तर वाद घालू नका. ‘तुमची काळजी मला कळते, पण तिच्या खोलीत कारणांची चर्चा नको, अर्धा तास तिच्याजवळ बसलात तर मला जरा डोळा लावता येईल,’ असे म्हणून पाहा. बोलण्याची घाई असलेल्या माणसाला हाताला काम दिले की तो पुष्कळदा खरोखरच उपयोगी पडतो. (तिला ऐकू येते, हेही भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगून ठेवावे. वाचा गेलेल्या माणसासमोर लोक तो तिथे नसल्यासारखे बोलतात.) आणि पैसे घेऊन ग्रहदोष, शाप किंवा बाधा काढून देणारे कुणी आले, तर तुमच्या हतबलतेवर चालणारा तो धंदा आहे हे ओळखून त्यांना नम्रपणे बाहेरचा रस्ता दाखवा.

यापुढचे जरा कठोर वाटेल. ‘तिने कुणाचे वाईट केले नाही, एकही दिवस पाठ चुकवला नाही’ असे तुम्ही लिहिले आहे. या वाक्यात एक करार दडलेला आहे: आम्ही आमचा वाटा नेमाने भरला, आता संरक्षण करणे हे तुझे काम. हा करार तुमच्या एकट्याचा नाही. लहानपणापासून आपल्या सगळ्यांच्या हाती तो दिला जातो, आणि सुखाच्या काळात तो करार आहे हे ध्यानातही येत नाही. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी नेमके हेच विचारते. धर्माला प्राणापेक्षा जपणाऱ्या युधिष्ठिराच्या वाट्याला अरण्य येते आणि कपटी माणसे राज्य करतात, हे पाहून ती म्हणते की विधाता प्राण्यांना लाकडी बाहुल्यांसारखे नाचवतो. युधिष्ठिर तिचे बोलणे नास्तिकपणाचे ठरवतो आणि सांगतो की मी फळाच्या आशेने धर्म आचरत नाही, धर्माचा व्यापार करणारा सर्वांत हीन होय. हे उत्तर उदात्त आहे, पण खरे सांगायचे तर मला ते कायम अपुरे वाटत आले आहे. द्रौपदीने लाभ मागितलेला नव्हता, तिने न्यायाविषयी विचारले होते, आणि त्या प्रश्नाला बगल देऊन युधिष्ठिर स्वतःच्या निष्ठेविषयी बोलला. तरीही दोघांचा संवाद महाभारताने जपून ठेवला आहे आणि तिची तक्रार गाळलेली नाही. तेव्हा तुमच्याकडून काय गेले, ते नीट तपासून पाहा असे मी सुचवेन. करार मोडला आहे, यात शंका नाही, आणि तो पुन्हा जोडता येईल असे मला वाटत नाही. करारापलीकडे तुमच्या श्रद्धेत आणखी काही होते का? कृतज्ञता, पहाटेच्या त्या शांत वेळेची ओढ, आपल्याहून मोठ्या कशापुढे तरी मान लववावीशी वाटणे, यांपैकी काही होते का? असेल, तर ते अजून शिल्लक असण्याचा संभव आहे. नसेल, तर जे मोडले ते टिकण्यासारखे नव्हते, आणि ते टिकवता आले नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका.

रागाचेही तसेच आहे. देवावर राग धरला म्हणजे श्रद्धा संपली, हे गृहीतक आपल्याकडच्या संतांच्या अनुभवाशी तरी जुळत नाही. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी अन्न अन्न करीत गेली, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितले आहे. आणि माझ्या लेखी देव मेला, आता त्याचे नावही घेणार नाही, अशा आशयाचा अभंगही त्यांच्याच गाथेत आहे. हे बोलणे आपण आज भक्तिवाङ्मय म्हणून वाचतो. तुमच्या मनात राग असेल तर तो बोला, लिहा किंवा एकांतात मोठ्याने ओरडा; त्यासाठी सभ्य भाषा वापरण्याची गरज नाही. मनातल्या मनात दाबलेला राग घरातल्याच कुणावर तरी निघतो, आणि बहुधा तो मुलीवर निघेल.

तिच्याविषयी थोडेसेच लिहिते, कारण तिने मला काही विचारलेले नाही. ती जे म्हणते ते खोडून काढण्याच्या भरीस पडू नका, आणि आईसाठी म्हणून तिला हात जोडायला लावू नका. सर्वशक्तिमान, दयाळू, आणि तरीही आईला असे करणारा, या तीन गोष्टी एकत्र बसत नाहीत हे तिने ओळखले आहे, आणि त्यांतून वाट काढताना थोरामोठ्यांचीही दमछाक झाली आहे. हॅरोल्ड कुश्नर नावाच्या ज्यू धर्मगुरूंचा मुलगा अकाली वार्धक्य आणणाऱ्या दुर्मीळ आजाराने १९७७ मध्ये, चौदाव्या वर्षी गेला. देवाचे यात काही गूढ प्रयोजन असेल असे म्हणणे कुश्नर यांना शक्य झाले नाही. देव दुःख धाडत नाही आणि सगळे दुःख टाळणे त्याच्याही हाती नाही, तो ते सोसण्याचे बळ देतो, अशा निष्कर्षाला ते आले, आणि धर्मगुरू म्हणून काम करीत राहिले. अनेक श्रद्धावानांना हे मत मुळीच मान्य नाही. मुलीला ते पटवून द्यावे असेही मी म्हणत नाही. देव आहे की नाही याच्या मधल्या जागेतही माणसे आयुष्य काढतात, एवढे तिला कधीतरी सांगता येईल, आणि तुम्ही स्वतः त्या जागेत आहात हे प्रामाणिकपणे सांगितलेत तर ती कदाचित तुमच्याशी अधिक बोलू लागेल.

आता ढोंगाविषयी. मनात नसलेले दाखवून दुसऱ्याला फसवणे आणि त्यातून स्वतःचा लाभ साधणे, याला ढोंग म्हणतात. तुमचा यात कोणता लाभ आहे? जिचा आवाज गेला, तिला तुम्ही रोज आपला आवाज देता. तिच्यासाठी तुम्ही तिचा चमचा धरता, तिची कूस बदलता, तसाच तिचा पाठ करता. शब्द तिचे आहेत, ओठ तुमचे आहेत. मनात काहीही जाणवत नसताना आचार चालू ठेवणे ही श्रद्धेच्या जगातही अपूर्वाईची गोष्ट नाही. मदर तेरेसा १९९७ मध्ये गेल्या, आणि दहा वर्षांनी त्यांची खासगी पत्रे प्रसिद्ध झाली, तेव्हा जवळजवळ पन्नास वर्षे त्यांना ईश्वराच्या सान्निध्याऐवजी अंधार आणि रितेपण जाणवत होते हे जगाला कळले. ती पत्रे नष्ट व्हावीत अशी त्यांची इच्छा होती. त्यांच्या कार्याविषयी मतभेद आहेत, ते असोत. पण भावना आटल्यावरही माणूस नेमलेले काम करीत राहतो, आणि त्या करण्याला खोटेपणा म्हणता येत नाही, एवढे या पत्रांवरून मला मान्य करावे लागले.

तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच आढळली नाही. पत्नीला स्वतःला काय वाटते, हे तुम्ही विचारल्याचा उल्लेख नाही. तिचा चेहरा शांत होतो, यावरून तिची श्रद्धा अढळ आहे असे तुम्ही धरून चालला आहात. ती बरे होण्यासाठी प्रार्थना करीत असेल, किंवा सुटकेसाठी, किंवा मुलीसाठी; कदाचित तिलाही तुमच्यासारखाच राग आला असेल आणि तुमचा आधार तुटू नये म्हणून ती शांत राहत असेल; किंवा असेही असेल की तिला स्तोत्रापेक्षा तुमचा आवाज ऐकायचा असतो. या आजारात डोळ्यांची हालचाल बहुतेक रुग्णांत पुष्कळ काळ शाबूत राहते, तेव्हा तिला विचारण्याची सोय अजून तुमच्या हाती आहे. ती थकलेली नसेल अशी वेळ निवडा, आणि हो किंवा नाही एवढ्यावर भागेल असे छोटे प्रश्न विचारा. तुमची स्वतःची अवस्था तिला सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. न सांगण्याच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तिच्या यातनांत आपल्या शंकेची भर घालू नये. पण इतकी वर्षे तुमच्यासोबत राहिलेल्या आणि रोज फलश्रुतीपाशी तुमचा आवाज अडताना ऐकणाऱ्या बाईला ते मुळीच ठाऊक नसेल, हे मला पटत नाही. म्हणून माझा कौल सांगण्याच्या बाजूला आहे. मात्र सगळे एकदम सांगू नका, आणि तिने तुमची समजूत काढावी अशी अपेक्षा ठेवून तर मुळीच सांगू नका. ‘मला पूर्वीसारखे देवाशी बोलता येत नाही, पण तुझ्यासाठी वाचायला मला आवडते,’ इतके पुरे आहे, ते खरे असेल तर.

श्रद्धा टिकवायची कशी, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी आज देणार नाही, आणि तुम्हीही आज ते ठरवू नये असे मला वाटते. घर पेटलेले असताना ते विकायचे की राखायचे याचा निर्णय कुणी करीत नाही. भीतीपोटी धरलेले जे नेम असतील, जे मोडले तर आणखी वाईट होईल असे वाटून तुम्ही रेटत आहात, ते सोडून द्या. भीतीने धरलेला नेम श्रद्धेला आधार देत नाही, उलट तिला खाऊन टाकतो. एखादी छोटी गोष्ट, जी केल्यावर तुम्हाला स्वतःला थोडे हलके वाटते, तेवढी राहू द्या, मग ती दिवा लावणे असो, नाहीतर पाच मिनिटे नुसते बसणे असो. काही वर्षांनी श्रद्धा परत येईल, वेगळ्या रूपात येईल किंवा येणारही नाही. ती आली नाही तर तुम्ही पत्नीशी बेइमान झालात असे कृपा करून समजू नका.

राहिला प्रश्न फलश्रुतीचा. स्तोत्राच्या शेवटी येणारी ही वचने म्हणजे अक्षरशः दिलेली हमी आहे असे आपल्या शास्त्रपरंपरेनेही सरसकट मानलेले नाही. मीमांसकांच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांच्या, भाषेत असे वचन अर्थवाद, म्हणजे श्रोत्याचे मन त्या कृतीकडे वळावे म्हणून केलेली स्तुती, मानता येते. हे ठाऊक झाल्याने तुमचा आवाज अडायचा थांबेल असे नाही, आणि अडू नये असेही नाही. उद्या सकाळी तिथवर आलात की पुस्तक मिटा, अक्षरफलक पुढे धरा, आणि हा भाग पुढे वाचू की इथेच थांबू, एवढे तिला विचारा. ती ज्या अक्षराकडे नजर वळवील, तसे करा.